अवघड जागेचं दुखणं

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे हसत हसत सांगतात. मीही सांगायचे. गेली साडेचार वर्षं ते दुखणं अंगावर काढल्यावर आता ती म्हण ऐकवत नाही. आज त्याबद्दल स्पष्ट लिहिणार आहे. माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये ऑफिसमधले साहेब आहेत, दीर-नणंदा आहेत, भाचरं आहेत. सगळ्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय.

माझं दुखणं योनीमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, उजव्या बाजूला. बसलं की दहा मिनिटांत आग सुरू, आणि आत लिंबाएवढं काहीतरी अडकल्यासारखं. उभं राहिलं की कमी. आडवं झालं की जवळजवळ नाहीच. मी पतपेढीत आहे, म्हणजे आठ तास खुर्ची. पहिलं वर्षभर काउंटरवर उभ्यानेच कामं उरकली. एसटीत सीट रिकामी असताना दांडा धरून उभी असायचे, कंडक्टर म्हणायचे, "ताई, जागा आहे, बसा की." लग्नात पंगतीला बसणं सोडलं, त्याऐवजी वाढायला पुढे व्हायचे. नातेवाइकांना वाटायचं, किती हौस हिला!

औषधं काय कमी झाली? आधी लघवीचं इन्फेक्शन म्हणून. कल्चर तीनदा केलं, तिन्ही वेळा काही सापडलं नाही, तरी अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मग मूळव्याधीचं मलम. मग कंबरेचा एमआरआय, तोही नॉर्मल. एका ठिकाणी तर "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका" म्हणून ऑपरेशनची तारीखच देऊ केली. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये पेपरात वाचलं होतं, ते नेमकं आठवलं म्हणून मी घरी निघून आले. आज कळतंय की दुखणं एका नसेचं होतं, आणि त्या नसेचा पिशवीशी काही संबंधच नव्हता.

पण एक गोष्ट मला मान्य करायलाच हवी. या सगळ्या डॉक्टरांना मी काय सांगत होते? "खाली दुखतं." कधी "ओटीपोटात", कधी "कंबरेत". नेमकी जागा माझ्या तोंडून एकदाही निघाली नाही. आणि समोरच्यानेही बोट ठेवून विचारलं नाही.

त्या नसेचं नाव प्युडेंडल. लॅटिनमध्ये 'लाज वाटणं' या अर्थाच्या क्रियापदावरून ते आलंय. आपल्याकडचा शब्द 'गुह्य', म्हणजे लपवायचं ते. दोन्हीकडे नावातच गप्प बसायला सांगून ठेवलंय. हे वाचलं तेव्हा मला फार राग आला, अजून येतो.

कंबरेखालच्या त्रिकास्थीतून, दुसऱ्या ते चौथ्या मुळांपासून ही नस निघते. कटीच्या बाहेर पडते, तिथल्या हाडाच्या टोकाला वळसा घालते, दोन चिवट अस्थिबंधांच्या बेचक्यातून जाते आणि मग अल्कॉक नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंद बोगद्यातून पुढे सरकते. गुदद्वार, मधली जागा आणि पुढचं जननेंद्रिय, तिन्हीकडे तिच्या फांद्या. या वाटेवर ती कुठेही दाबली किंवा ताणली जाऊ शकते. अवघड बाळंतपण, वर्षानुवर्षं कुंथणं, तासन् तास सायकल, जुनं ऑपरेशन. कधी कारण सापडतच नाही. पुरुषांनाही होतं. त्यांना प्रोस्टेटचं दुखणं समजून त्याच्याच गोळ्या चालू राहतात.

शेवटी ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने पेन स्पेशालिस्टकडे पाठवलं. हे बहुतेक मुळात भूलतज्ज्ञ असतात. त्या डॉक्टरबाईंनी माणसाची आकृती छापलेला कागद आणि लाल पेन्सिल हातात दिली. "जिथे दुखतं तिथे रंगवा." माझा हात थरथरत होता, पण रंगवलं. मग त्यांनी विचारलं, "कमोडवर बसल्यावर दुखतं का?"

नाही दुखत! दोन वर्षांपूर्वीच माझ्या लक्षात आलं होतं, पण मला वाटलं आपल्याच मनाचे खेळ. त्यांनी समजावलं की कमोडवर भार कडेने पडतो, मधली जागा मोकळी राहते. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ठरलेल्या, हे दुखणं ओळखायच्या पाच खुणा २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या: दुखणं त्याच नसेच्या हद्दीत, बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, तपासणीत बधिरपणा न दाखवणारं, आणि नसेपाशी भुलीचं इंजेक्शन दिलं की थांबणारं. पाचातल्या चार खुणा नुसत्या बोलण्यातून आणि हाताने तपासून कळतात.

सोनोग्राफीत बघून त्यांनी ते इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने मी कॉरिडॉरमधल्या लाकडी बाकावर बसले. नुसती बसले. यांनी चहा आणला, तो मी बसून प्यायले. संध्याकाळी भूल उतरल्यावर दुखणं परत आलं, पण त्याला आता नाव होतं: प्युडेंडल न्यूराल्जिया.

बरी झाले असं म्हणणार नाही. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत, पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी चालू आहे. आता सलग चाळीस मिनिटं बसते. आधी मला कुणीतरी केगल व्यायाम, म्हणजे हेच स्नायू आवळून धरायचे व्यायाम, करायला सांगितले होते, त्याने वाढलंच; माझे स्नायू आधीच आवळलेले होते, त्यांना सैल सोडायला शिकायचं होतं. ऑपरेशनने नस मोकळी करता येते, पण तो निर्णय फार पुढचा आणि फार अनुभवी हातांचा.

डॉक्टर शोधताना मोठ्या हॉस्पिटलच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या भूलशास्त्र विभागात पेन क्लिनिक आहे का विचारा. फोनवरच विचारा: प्युडेंडल न्यूराल्जियाचे पेशंट बघता का, ब्लॉक (म्हणजे नसेपाशी ते भुलीचं इंजेक्शन) सोनोग्राफी किंवा सीटीखाली देता का. फिजिओथेरपिस्टला विचारा, पेल्व्हिक फ्लोअरचं काम करता का. तपासणीच्या वेळी सोबत बाईमाणूस हवं असेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि एक अगदी महत्त्वाचं: बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली, पायातली ताकद गेली, तर यातलं काही शोधत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. रात्री दुखण्याने जाग येत असेल तर दुसरं कारण आधी तपासून घ्या.

बसायला मी जी खाच असलेली उशी घेते, तिच्याबद्दल खूप जणी विचारतात. मी गादीवाल्याकडून कापून घेतली. त्याने विचारलं होतं, "मूळव्याध का, ताई?" आणि मी "हो" म्हणाले होते. मागच्या महिन्यात दुसरी करायला गेले तेव्हा खरं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवून ऐकून घेतलं आणि बायकोसाठी दुखण्याचं नाव लिहून मागितलं. माप असं: अठरा बाय अठरा इंच, जाडी तीन इंच, कडक फोम, मधून चार इंच रुंद खाच, मागच्या बाजूला पूर्ण उघडी.