माझा अल्बम मला क्रमाने ऐकू द्या

मी महिन्याच्या महिन्याला नेमाने पैसे भरतो, आणि तरीही ज्या अ‍ॅपला ते पैसे जातात ते मला एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सुखाने ऐकू देत नाही, ही माझी तक्रार आहे. ती कितीही सभ्य भाषेत मांडायची ठरवली तरी तिच्यातला संताप झाकला जाणार नाही. अल्बम उघडावा तर सर्वांत ठळक बटण शफलचे, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याचे. ते बंद करावे, तर पुढच्या वेळी ते पुन्हा चालू झालेले असते. शेवटचे गाणे संपून श्वास घ्यावा, तोवर कोणीही न मागितलेले गाणे सुरू झालेले असते, आणि वर ‘खास तुमच्यासाठी’ अशी मखलाशी असते.

अमेरिकी हिप-हॉपमधला संगीतकार प्रिन्स पॉल याचा १९९९ सालचा ‘अ प्रिन्स अमंग थीव्ज’ घ्या. हा अल्बम म्हणजे एक सलग गोष्ट आहे. तारिक नावाच्या होतकरू रॅपरला आपली डेमो टेप पुरी करण्यासाठी पैसे हवे असतात. ते मिळवण्यासाठी तो मित्राच्या ओळखीने अमली पदार्थांच्या धंद्यात शिरतो आणि शेवटी त्याच मित्राकडून दगा खातो. तिच्यात संवाद आहेत, पात्रे आहेत, कूल कीथ हा रॅपर शस्त्रे विकणारा झाला आहे आणि बिग डॅडी केन हा दुसरा रॅपर बायकांचा दलाल. जळगावच्या नव्या बसस्थानकातून धुळ्याची एसटी पकडली, की पाळधी, एरंडोल, पारोळा करत ती पोहोचण्याच्या आत हा अल्बम सावकाश ऐकून होतो, आणि मे महिन्यात खिडकीतून भट्टीसारखी झळ येत असतानाही मला त्या प्रवासाचे काही वाटत नाही. मात्र शफलच्या कृपेने मला दगा आधी ऐकू येतो, शस्त्रांचा सौदा नंतर, आणि तारिकला पैसे कशासाठी हवे होते हे पारोळा ओलांडल्यावर कळते. आमच्याकडच्या जत्रेत एखाद्या फडाने वग आधी उभा करून मग गण म्हटला असता, तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढले असते.

मास्टा एस या रॅपरच्या २००१ सालच्या ‘डिस्पोजेबल आर्ट्स’चीही हीच विटंबना होते. तुरुंगातून सुटलेला माणूस एका काल्पनिक संस्थेत शिकायला जातो, अशी त्याची कथा आहे, आणि ती पुढे सरकते ती गाण्यांच्या मधल्या छोट्या प्रसंगांतून. हे प्रसंग कोणी वेगळे काढून ऐकत नाही. ते तसे ऐकायचेच नसतात. अ‍ॅपच्या हिशेबात मात्र ज्याला कमी वेळा ऐकले गेले ते टाकाऊ, त्यामुळे त्याने स्वतः तयार केलेल्या यादीत हे प्रसंग कधीच नसतात आणि गाणी पोरकी होऊन फिरत राहतात.

शफल निदान बंद तरी करता येते. अल्बम संपल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या गाण्यांनी मला अधिक छळले आहे. ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन या जोडीच्या, म्हणजे प्रिन्स पो आणि फॅरो माँच यांच्या, १९९४ सालच्या ‘स्ट्रेस’ या अल्बममध्ये एक गाणे चुकून सुटलेल्या बंदुकीच्या गोळीच्या तोंडून सांगितलेले आहे. बोलते ती गोळीच. कोणाच्या अंगात शिरते, हेही तीच सांगते. असा अल्बम संपल्यावर माणसाला थोडी शांतता हवी असते. ती मिळण्याऐवजी क्षणार्धात तीच दहा-बारा जगप्रसिद्ध गाणी सुरू होतात, जी रिक्षावाल्यापासून जिमच्या मालकापर्यंत सर्वांनी ऐकलेली आहेत आणि जी मीही कॉलेजात असताना पाठ केली होती. ती गाणी ज्यांची, त्या टुपाक आणि बिगी या रॅपरांविषयी मला आदर आहे. पण मी कुठूनही निघालो तरी हे अ‍ॅप मला त्यांच्याच दारात नेऊन सोडते. भुसावळहून कोणतीही गाडी पकडा, ती दादरलाच जाणार, असे कोणी ठरवले तर चालेल का?

यामागचे यंत्र कळले की राग आणखी वाढतो. जे जास्त ऐकले जाते ते सुचवले जाते, आणि जे सुचवले जाते तेच जास्त ऐकले जाते. या रहाटात जो सुरुवातीलाच मागे राहिला तो कायमचा मागे. १९९४ हे हिप-हॉपचे अतिशय गर्दीचे वर्ष होते. नासचा ‘इल्मॅटिक’ त्याच वर्षीचा, बिगीचा ‘रेडी टू डाय’ त्याच वर्षीचा, आणि त्या गर्दीत ओ. सी. याचा ‘वर्ड... लाइफ’ आणि डिगेबल प्लॅनेट्सचा ‘ब्लोआउट कोम’ हे अल्बम बाजूला पडले. डिगेबल प्लॅनेट्सना आदल्या अल्बममधल्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळाले होते, म्हणून अ‍ॅप आजही तेच एक गाणे पुढे करते. दुसरा अल्बम कमी खपला. माझ्या मते तोच थोर आहे: सैल, मुरलेला, ब्रुकलिनच्या गल्लीतून रमतगमत चालणारा. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दुकानात एखादा अल्बम कमी खपला, याची शिक्षा चोपड्यात किंवा शिरपुरात बसलेल्या श्रोत्याने आज का भोगावी, याचे उत्तर मला कोणी देत नाही.

फिलाडेल्फियाच्या बहामाडिया या रॅपरचे नाव तर मला या अ‍ॅपने कधीच सुचवले नाही. तिचा ‘कोलाज’ १९९६ सालचा आहे. ती ओरडत नाही. शेजारी बसून बोलावे तशा खालच्या पट्टीत, ठोक्याच्या किंचित मागे राहून शब्द टाकत जाते. मी तिच्यापर्यंत पोहोचलो ते डीजे प्रीमियर या संगीतकाराचा माग काढत. गँग स्टार या जोडीतले त्याचे काम आवडले, म्हणून जेरू द डमाजा या रॅपरचा १९९४ सालचा अल्बम ऐकला, तोही त्याच्याच हातचा निघाला, आणि त्याच वाटेने पुढे ‘कोलाज’ सापडला, कारण त्यातल्या काही गाण्यांचे संगीत त्याचे आहे. हिप-हॉप ऐकण्याची माझी पद्धत हीच: रॅपर कोण याच्याइतकेच महत्त्व संगीत कोणी रचले याला द्यायचे आणि त्या नावाचे बोट धरून पुढे जायचे. पण हे नाव अ‍ॅपमध्ये तीन ठिपक्यांच्या आड, आणखी एका यादीच्या तळाशी दडवलेले असते, आणि पुष्कळदा तिथेही नसते. वास्तविक या कलेत त्या माणसाची मेहनत काय प्रतीची आहे! १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठत असे, म्हणून ही मंडळी जुन्या गाण्याची तबकडी मुद्दाम जलद फिरवून तिच्यातला तुकडा उचलत आणि मग यंत्रात त्याची गती उतरवत, म्हणजे थोड्या जागेत जास्त मावे. त्या खटाटोपातून जो घोगरा, जाडसर आवाज आला, त्यावर पुढे पिढ्या पोसल्या. अशा कारागिराचे नाव पडद्यावर ठळक छापायला काय खर्च येतो?

पूर्वी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलवाल्याकडे मेमरी कार्ड दिले की तो त्यात गाणी भरून देई. त्याचे कायदेशीरपण बाजूला ठेवू. त्याला हिप-हॉपचा गंध नव्हता आणि फायलींची नावे भयंकर असत, पण पहिल्यानंतर दुसरे आणि दुसऱ्यानंतर तिसरे गाणे लागे, आणि एकदा कार्डात आलेला अल्बम रात्रीतून नाहीसा होत नसे. आता पैसे भरून डाउनलोड केलेला अल्बम एखाद्या सकाळी राखाडी झालेला दिसतो, त्यावर बोट ठेवले की काहीच होत नाही, आणि कारण विचारायला माणूस नसतो. डी ला सोल या तिघांच्या गटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा १९८९ सालचा अल्बम म्हणजे हिप-हॉपचा एक आधारस्तंभ, पण जुन्या तबकड्यांतून उचललेल्या तुकड्यांच्या परवानग्या आणि डिजिटल विक्रीचा उल्लेखच नसलेले जुने करार यांच्या घोळात तो वर्षानुवर्षे अशा अ‍ॅपवर नव्हता. तो आला ३ मार्च २०२३ रोजी. आणि त्या तिघांपैकी ट्रुगॉय त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत, वारला होता. वकिलांचे हे युद्ध मला समजते. पण निदान ‘हा अल्बम अमुक कारणाने उपलब्ध नाही’ अशी एक ओळ लिहा ना! श्रोत्याला शोधत का ठेवता?

मराठीकडे वळावे तर तिथेही तीच गत. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने आरेच्या जंगलातल्या वारली लोकांचे गाऱ्हाणे त्यांच्याच प्रकाश भोईरांना सोबत घेऊन मांडले. ते गाणे संपले की माझे अ‍ॅप लगेच २०१९ सालच्या ‘गली बॉय’ चित्रपटाकडे धावते, जणू या देशात रॅप त्या वर्षी जन्मला. ‘अहिराणी’ असे टाइप करून एखादा नवा रॅपर शोधायला गेलो, तर हळदीतली डीजे गाणी रांगेने हजर होतात. (त्या गाण्यांशी माझे वैर नाही, हळदीत मीही नाचतो. पण मी ती मागितली नव्हती.) घरी मोठ्या आवाजात काही लावावे तर काका विचारतात, ‘हाई काय लायेल शे रे भो?’ काकांवर मी रागावत नाही. ते निदान विचारतात आणि सांगितल्यावर पाच मिनिटे ऐकूनही घेतात.

डिसेंबरात या सगळ्यावर कळस चढतो. तेव्हा अ‍ॅप वर्षभराचा हिशेब रंगीबेरंगी चित्रांत मांडून दाखवते आणि तुमचे सर्वांत आवडते गाणे कोणते ते तुम्हालाच सांगते. माझ्या हिशेबात पहिले आले ते मी एकदाही स्वतःहून न लावलेले गाणे, जे मी झोपी गेल्यावर अ‍ॅपनेच रात्रभर आळवले होते. बहामाडिया कुठेच नव्हती. पुढच्या महिन्यापासून वर्गणी वाढणार असल्याची सूचनाही आता आली आहे, आणि तिच्यात लिहिले आहे की माझी आवड अधिक चांगली ओळखता यावी यासाठी हे पैसे लागणार आहेत. माझी आवड ओळखू नका. ते शफलचे बटण तेवढे काढा.