रात्रीच्या फेरीत बॅटरी का बंद केली: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या शेतावरच्या रानफेरीबद्दलचा तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्याबरोबर फेरीला आलेल्या माझ्या पुतण्याशी नीट बोलून मगच लिहायचं ठरवलं होतं.

तुमचं म्हणणं असं: रात्रीच्या रानफेरीचे माणशी सहाशे रुपये घेतले आणि कोल्हा दिसल्याबरोबर पोराने बॅटरी बंद केली. तुमच्या मेहुण्यांची छर्‍याची बंदूक मुलांदेखत गाडीत ठेवायला लावली. जेवण दहा वाजता मिळालं. आणि तुम्ही इंग्लंडमध्ये राहता तिथले शेतकरी रात्री दिवा टाकून कोल्हे मारतात, तेही कायद्याने. मग इथे एका कोल्ह्यासाठी एवढा बाऊ कशाला?

आधी जेवणाचं. चूक आमची. भाकरी थापणाऱ्या मावशी त्या दिवशी आल्या नाहीत आणि मी एकटीच चुलीपुढे होते. हे तुम्हाला आल्या आल्या सांगायला हवं होतं. लहान मुलं भुकेली बसून राहिली याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरी चूक तुम्ही लिहिलेली नाही, पण ती पहिलीपेक्षा मोठी आहे. आमच्या जाहिरातीत खोकडाचा, म्हणजे तुम्ही कोल्हा म्हणता त्या प्राण्याचा, एक फोटो होता, पांढऱ्या झगझगीत उजेडात, डोळे चमकणारा. पाच वर्षांपूर्वी एका पाहुण्याने काढलेला. तो बघून तुम्ही आलात आणि तसंच काही दिसेल असं धरून चाललात, यात तुमची काय चूक? आम्ही उजेड टाकत नाही आणि उजेडातलाच फोटो लावून पैसे घेतो, हे बरोबर नव्हतं. फोटो काढून टाकला आहे. सहा जणांच्या फेरीचे छत्तीसशे रुपये तुमच्या खात्यावर परत पाठवले आहेत.

मात्र बॅटरी आणि बंदूक या दोन गोष्टींत पुतण्याने जे केलं तेच मी केलं असतं.

तुम्ही ज्याला कोल्हा म्हणालात तो खोकड होता, खरं तर मादी. गोष्टीतल्या द्राक्षांच्या कोल्ह्यामुळे आपण सगळेच फसतो. इंग्लंडातला तो लाल प्राणी खोकडाच्या जातीचा. आपला कोल्हा वेगळा, लांडग्याच्या जवळचा, तोंड वर करून कोल्हेकुई करणारा. आमच्या माळावरचं खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं, घरच्या मांजरापेक्षा थोडंसंच मोठं, शेपटीचं टोक काळं. बांधाकडेच्या बिळापाशी दिवसा मुलांना नेलं असतं तर त्यांनी पाहिलं असतं तिथे काय पडलेलं असतं ते: किड्यांची टरफलं, उंदराच्या शेपट्या, बोरांच्या बिया. ज्वारीच्या रानातला उंदीर फुकटात मारणारा हा गडी आहे.

इंग्लंडचं तुमचं बरोबर आहे. तिथे २००४ च्या कायद्याने कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्यामागे लागायला बंदी आली, पण जमिनीच्या मालकाची परवानगी आणि शस्त्राचा परवाना असेल तर दिवा आणि रायफल घेऊन मारायला मुभा राहिली. तिथला कोल्हा आमच्या खोकडाच्या दुपटीचा, त्याच्यावर दाब ठेवणारा लांडगा तिथे उरलेला नाही, आणि नवी कोकरं पळवणाऱ्या कोल्ह्याचा तिथल्या मेंढपाळाला ताप होतो हे मला समजतं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या देशाचा कायदा आमच्या माळाला लागू होत नाही. इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, पिटाळणं, आमिष लावणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. कमी ताकदीच्या छर्‍याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, हे मेहुणे म्हणाले ते खरं. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून खोकडावर ती रोखायची मोकळीक मात्र मिळत नाही. ‘नुसती भीती दाखवणार होतो’ म्हणालात, तरी नाही.

मेहुण्यांनी त्या रात्री हाताच्या पालथ्या बाजूला ओठ लावून उंदरासारखा चीं-चीं आवाज काढला, आणि ती मादी थांबून वळली. पुतण्याने बॅटरी बंद केली ती त्या क्षणी. तो आवाज मला चांगला माहीत आहे.

माझं माहेर उजनीच्या पाण्याच्या कडेचं. गाळपेरात, म्हणजे पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत, कलिंगडं असायची आणि चुलते ठासणीची बंदूक घेऊन राखणीला जायचे. मी दहा वर्षांची असेन. स्कूटरची बॅटरी पिशवीत घालून माझ्या खांद्याला आणि तिला वायरने जोडलेला ट्रॅक्टरचा दिवा माझ्या हातात. झोत हळूहळू फिरवायचा, डोळे चमकले की तिथेच धरायचा, हलवायचा नाही. चुलत्यांनी हाताला ओठ लावून तोच आवाज काढला. लांबचे दोन ठिपके जवळ आले, अजून जवळ आले, आणि खोकड सरळ खाली बसलं. कुत्रं दारात बसतं तसं. कान आमच्याकडे. उजेडामागे माणूस आहे हे त्याला कळतच नव्हतं. मग बार झाला, दारूचा वास आला, आणि बॅटरीच्या वजनाने माझा खांदा दुखायला लागला ते तेव्हा जाणवलं. सकाळी पाहिलं तर मादी होती, आचळं दुधाने भरलेली. बीळ आम्ही दोन दिवस शोधलं. सापडलं नाही.

कलिंगडं पुढच्या रात्रीही फोडलेली होती. ती साळिंदर फोडत होतं. सालीवर रुंद दातांचे ओरखडे होते. आधी नीट बघितले असते तर कळलं असतं.

दादा, ही शिकार चालते ती दिव्यावर. जनावराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, अंधारात कमी उजेडातही दिसावं म्हणून. आपण झोत टाकला की तोच चमकून त्याचा ठावठिकाणा सांगतो आणि त्याचे डोळे दिपतात. बार नाही काढला तरी अर्धं काम झालेलं असतं. मार्चमध्ये बिळात पिल्लं असतात. आई दिपून बसली किंवा घाबरून लांब पळाली आणि तेवढ्यात वाडीवरची कुत्री बिळावर आली, तर पिल्लांना कोण वाचवणार? म्हणून आमच्या बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद असतो आणि ती पायाखालीच धरायची असते. फुरसं दिसावं, एवढ्यासाठीच ती बरोबर असते.

आणखी एक गोष्ट, त्या रात्री तुम्हाला दिसली नसेल. तुमच्यापासून शंभर पावलांवर धनगरांचा वाडा उतरला होता. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं, बाहेर कुत्री, घोंगडी पांघरून झोपलेला म्हातारा. मेंढराचे डोळेही चमकतात, कुत्र्याचेही. इंग्लंडातले जाणते शिकारीसुद्धा नुसत्या डोळ्यांवर गोळी टाकत नाहीत. अंग नीट ओळखल्याशिवाय आणि गोळी अडवायला मागे मातीचा चढ असल्याशिवाय ते चाप ओढत नाहीत. पालघर जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या माणसांनी आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली होती. आमच्या वीस एकरांत असं काही होण्याची शक्यतासुद्धा मला नको आहे.

पुतण्या आवाज चढवून बोलला, ते मुलांसमोर व्हायला नको होतं. तो कबूल करतो, त्याच्या वतीने मी माफी मागते. बंदुकीबाबतचा नियम इथून पुढे बुकिंग घेतानाच फोनवर सांगू आणि फाटकावरही लिहून लावू.

वनखात्याची पुणे जिल्ह्यातली कडबनवाडी आणि शिर्सुफळची गवताळ रानांची सफारी तुम्हाला जास्त आवडेल, असं मला वाटतं. तिथे चिंकारा, लांडगा, खोकड दिवसाउजेडी दिसू शकतात, सोबत गावातलेच वाटाडे असतात आणि फोटोही मनासारखे मिळतात. आम्ही बुकिंग करून देऊ, त्याचे जादा पैसे नाहीत.

त्या मादीची तीन पिल्लं परवा संध्याकाळी पहिल्यांदा बिळाबाहेर आली. मोठी व्हायच्या आत मुलांना घेऊन या. साडेसहाला बांधाआड गप्प बसायचं, वारा बिळाकडून आपल्याकडे असला पाहिजे. दुर्बीण आमच्याकडे आहे. त्या दिवशी जेवण आठला.