शिंप्याचा राष्ट्राध्यक्ष झाला, हे अर्धंच सांगता

घरच्या ग्रुपवर आज परत तोच फॉरवर्ड. शाळेचं तोंड न पाहिलेला शिंपी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, जिद्द असावी तर अशी! आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

अँड्र्यू जॉन्सन. गोष्ट खरी आहे. बाप लहानपणीच गेला, आईने पोराला नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅले गावच्या एका शिंप्याकडे करारावर बांधून टाकलं. 1824 मध्ये तो भावासोबत पळाला, तर मालकाने पेपरात 10 डॉलरचं बक्षीस लावलं. पुढे टेनेसी राज्यात, ग्रीनव्हिलला, स्वतःचं दुकान टाकलं. बायको एलायझाने लिहिणं, हिशेब पक्के करून घेतले. हे वाचताना माझंही मन भरून येतं, कारण आमचे अण्णा शिंपीच. त्यांच्या हाताखाली काज-बटणाला एक पोरगा होता, आधीच्या ठिकाणी मार खाऊन आलेला. बोटांची टोकं सुईने काळी पडलेली. अण्णा त्याला जेवायला शेजारी घेऊन बसायचे.

पण पुढचं का नाही सांगत? ज्याला पकडायला बक्षीस लागलं होतं, त्याच माणसाने पुढे स्वतः गुलाम विकत घेतले! एप्रिल 1865 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन गेले आणि त्यांचा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून हा खुर्चीवर बसला. कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांना जमिनी कसायला मिळाल्या होत्या, त्या ह्याने जुन्या मालकांना परत केल्या. 1866 चा नागरी हक्कांचा कायदा अडवला. तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकेच्या काँग्रेसने, त्याचा नकार मोडून तो केला. 1868 च्या महाभियोगातून, म्हणजे पदावरून काढण्याच्या खटल्यातून, एका मताने वाचला.

आमच्याकडचा तो पोरगाही मोठा झाला, दुकान टाकलं. एकदा गेले तर काज वाकडं आलं म्हणून हाताखालच्या मुलाच्या बोटांवर लाकडी पट्टी हाणत होता. मी म्हटलं, अरे, तुझी बोटं आठव. म्हणाला, "ताई, आम्ही नाही का मार खाल्ला?" अण्णांकडे राहूनही!

दक्षिणेची राज्यं देशातून फुटली तेव्हा त्या राज्यांतला हा एकटा सिनेटर देशाच्या बाजूने राहिला, हे मान्य. धाडस होतं. पण म्हणून बाकी सगळं माफ?

गरिबी सोसलेल्याला गरिबाचा कळवळा असतोच, हे डोक्यातून काढा. अण्णांना तो होता, कारण त्यांनी तो रोज जपला.

आणि आपण तर जोतीरावांना मानणारे ना? 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना भांडत होता तो ह्याच माणसांशी.