"काही करत नाही हो तो!"

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी चालायला जावं, तर हे वाक्य कानावर पडल्याशिवाय राहत नाही. अहो, तुमचं ते लाडकं बाळ असेल, पण माझ्या अंगावर तीस किलोचा लॅब्राडोर धावून येतोय! कुत्रा पन्नास पावलं पुढे, मालक मागे फोनवर, आणि पट्टा मालकाच्या गळ्यात. परवा एक आजी झाडाला धरून थरथरत उभ्या होत्या, कुत्रं त्यांच्या साडीचा काठ हुंगत होतं. मालकीणबाई लांबूनच "ब्रूनो, नो!" ओरडतायत. जागच्या हलायला तयार नाहीत.

कुत्र्यांवर माझा राग नाही. आणा की, त्यांनाही मोकळी हवा हवीच. पण पट्टा हातात धरायला काय होतं? आणि टेकडी काय फक्त माणसांची आहे? टिटवी, तित्तर जमिनीवरच अंडी घालतात. ऐन उन्हाळ्यात त्या गवतात कुत्री मोकाट सोडायची, ती मोरामागे धावली की कौतुकाने व्हिडिओ काढायचे! संताप होतो नुसता.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. पाळलेल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असताना काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सांगावं तर उत्तर तयार, "तुम्हाला प्राण्यांची आवडच नाही!" आवडीचा प्रश्न येतोच कुठे? त्या आजी आता टेकडीवर येत नाहीत, त्याचं काय?