टॉम अँड जेरी नव्वदच्या दशकातलं नव्हतंच

आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. वर टॉम, जेरी, मोगली, अंकल स्क्रूज आणि स्कूबी यांचं एकत्र चिकटवलेलं चित्र आणि खाली मजकूर. त्याचा गोषवारा असा: आमच्या वेळची कार्टून हाताने काढलेली, त्यांत जीव होता. ती निरागस होती, धंदेवाईक नव्हती. आता सगळं कॉम्प्युटरवर. गोष्ट नावाला नाही, नुसता गोंगाट. तेव्हा रविवारी सकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसायचं, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. म्हणून आजच्या एकाही कार्टूनचं नाव वीस वर्षांनी कुणाला आठवणार नाही. शेवटी अर्थातच, ‘सहमत असाल तर पुढे पाठवा.’

मी सहमत नाही. दर वेळी अंगठ्याचं चित्र टाकून गप्प बसत होतो, या वेळी सविस्तर लिहितो.

सुरुवात ‘आमच्या वेळची’ या दोन शब्दांपासून. टॉम अँड जेरीचा पहिला लघुपट १९४० चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने तो एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी केला, थिएटरात मोठ्या सिनेमाआधी दाखवायला. फ्लिंटस्टोन्स १९६० चं, जेटसन्स १९६२ चं, स्कूबी डू १९६९ चं. मग ही मंडळी नव्वदीत आपल्या घरात कशी आली? टेड टर्नर या अमेरिकी उद्योगपतीने १९८६ मध्ये एमजीएमचा जुना चित्रसाठा मिळवला, १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा कंपनीच घेतली आणि त्या भांडवलावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क काढलं. १९९५ मध्ये ते भारतात आलं. म्हणजे ज्याला आपण आपलं बालपण म्हणून मिरवतो, तो बराचसा आपल्या आजोबांच्या वेळचा माल होता. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर चांगला गाळून आलेला.

जेटसन्सची गंमत तर बघा. भाग चोवीस. एक सीझन झाला आणि चॅनेलने गाशा गुंडाळायला लावला. पण तेच चोवीस भाग पुढे वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि जेटसन्स घराघरात पोचलं. ऐंशीच्या दशकात त्याचे नवे भाग काढायची वेळ आली. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते पडलं होतं. जे नाव झालं ते ‘पुन्हा दाखवण्या’तून. माझं या सगळ्या वादातलं म्हणणं एवढंच आहे: कार्टून क्लासिक ठरतं ते दहाव्यांदा बघताना. पहिल्या खेपेला काय वाटलं, त्याला फारसा अर्थ नाही.

आता ‘हाताने काढलेली, म्हणून जीव’. टॉम अँड जेरीबद्दल हे कबूल, शंभर टक्के. सात ऑस्कर काही उगाच मिळाले नाहीत. संगीतकार स्कॉट ब्रॅडलीचा वाद्यवृंद जेरीच्या प्रत्येक पावलाला सूर देत होता. पण १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला, हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले, आणि तिथे पैसे होते चिमूटभर. त्यातून त्यांनी काटकसरीच्या ज्या युक्त्या काढल्या, त्या बघण्यासारख्या आहेत. योगी बेअर हे अस्वल अंगावर सदरा नाही, पायात काही नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय घालून का फिरतं, असा प्रश्न कधी पडला? कॉलरमुळे मुंडकं धडापासून वेगळं करता येतं. धडाचं चित्र एकदाच काढून तसंच ठेवायचं आणि बोलताना फक्त डोकं हलवायचं. सांधा कॉलरखाली झाकला जातो. ज्याला फॉरवर्डमध्ये ‘जीव’ म्हटलंय, तो कित्येकदा गळ्याच्या वरच होता. ही-मॅनचं तर धावणं, तलवार उचलणं, उडी मारणं हे ठरलेले तुकडे भागामागून भागांत तसेच्या तसे वापरलेले आहेत. आणि पळता पळता मागून तेच झाड, तीच खिडकी, पुन्हा तेच झाड, हे तर आपण लहानपणीच ओळखलं होतं.

उलट २०२१ ची ‘आर्केन’ ही मालिका घ्या. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने ते केलं. पात्रं कॉम्प्युटरवर उभी केलेली, पण मागची शहरं रंगवलेली, आणि धूर, ज्वाळा, ठिणग्या हाताने काढलेल्या. कॉम्प्युटर हे शेवटी हत्यार. कुंचला धरणारा आळशी असेल तर कुंचलाही काही करत नाही. (आर्केन वीस वर्षांनी टिकेल का, याबद्दल मात्र मी जरा साशंक आहे. पहिल्या सीझनला ज्या निगुतीने गोष्ट फुलवली, ती निगुत दुसऱ्यात दिसत नाही. तिथे सगळं उरकल्यासारखं वाटतं.)

निरागस आणि बिनधंदेवाईक या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण तो एका वाक्यात पडतो: फ्लिंटस्टोन्सच्या सुरुवातीच्या काळात विन्स्टन सिगारेट ही प्रायोजक होती, आणि त्यातली फ्रेड व बार्नी ही पात्रं स्वतः जाहिरातीत झुरके घ्यायची. ही-मॅनची खेळणी मॅटेलने आधी बाजारात आणली, मालिका मागून १९८३ मध्ये आली. टॉम अँड जेरीत स्फोट झाल्यावर तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे जे विनोद आहेत, त्यांच्यापायी आता काही ठिकाणी भागाआधी इशाऱ्याची पाटी लावतात. आपल्याला लहानपणी ते कळलं नाही, म्हणून ते निरागस. निरागस आपण होतो.

‘आता गोष्ट नसते’ या मुद्द्यावर मात्र मी थांबणार आहे, कारण इथे फॉरवर्ड नुसता चुकत नाही, उलटा पडतो. स्कूबी डूमध्ये गोष्ट एकच होती: भूत दिसतं, पळापळ, मुखवटा ओढला की आत कुणीतरी म्हातारा. आवडीने बघितलं, आजही बघेन. पण गोष्ट म्हणाल तर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ बघा. २००५ ते २००८, तीन सीझन, एकसष्ट भाग, आणि पहिल्या भागात जी गाठ घातली ती शेवटच्या भागात सोडवलेली. (नाव आपल्याकडूनच नेलेलं. मध्येच एक गुरूही येतो आणि सात चक्रं उघडायला शिकवतो.)

त्यातला एक तुकडा सांगतो. आयरो नावाचा म्हातारा, एके काळचा सेनापती, आता बा सिंग से या शहरात निर्वासित म्हणून लपून राहतोय, चहाच्या दुकानात काम करतोय. एका दिवसाची त्याची छोटीशी गोष्ट आहे. बाजारात एक पोर रडतंय, तो त्याला गाणं म्हणून हसवतो. एक भुरटा चोर त्याला लुटायला येतो, तर आयरो त्याला उभं कसं राहावं ते शिकवतो आणि वर चहा पाजतो. आपण हसत असतो. मग तो टेकडीवर चढतो, झाडाखाली फडकं अंथरतो, त्यावर आपल्या मुलाचं चित्र ठेवतो. आज मुलाचा वाढदिवस आहे. मुलगा याच शहराच्या वेढ्यात मेला, आणि वेढा घातला होता आयरोनेच. सकाळी पोराला हसवायला म्हटलेलं तेच गाणं तो पुन्हा म्हणायला लागतो, आणि त्याचा आवाज फुटतो. शेवटी पडद्यावर माकोला श्रद्धांजली येते. आयरोला आवाज देणारा हा नट त्याच वर्षी, २००६ मध्ये, गेला होता.

हे लहान मुलांच्या चॅनेलवर दाखवलेलं कार्टून आहे. आणि वीस वर्षांची जी मुदत फॉरवर्डने घातली आहे, ती या मालिकेपुरती २०२५ मध्येच संपली. निकाल? २०२० च्या मे महिन्यात ती अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली आणि तिथल्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसली, पहिल्या प्रक्षेपणानंतर पंधरा वर्षांनी. २०२४ मध्ये खऱ्या नटांना घेऊन ती पुन्हा काढली. (ती बघितली नाहीत तरी चालेल.)

मोठ्यांसाठीचं म्हणाल तर ‘बोजॅक हॉर्समन’. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या ‘फ्री चुरो’ या भागात जवळजवळ पूर्ण वेळ बोजॅक हा घोडा आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून बोलतो. दुसरं पात्र नाही, दृश्य बदलत नाही. एकपात्री प्रयोगच म्हणा. योगीला स्थिर उभं केलं होतं ते पैसे वाचवायला. इथे त्याच स्थिरपणाचा फास होतो, कारण त्या बाईबद्दल चांगलं बोलायला त्याला काही सापडतच नाही. मराठी रंगभूमीवर वाढलेल्या माणसाला हा भाग दाखवून बघा.

‘ॲडव्हेंचर टाइम’ही यादीत असेलच. राजकन्या पळवणारा येडपट खलनायक म्हणून ज्याच्यावर हसलो, तो खरं तर स्मृती हरवलेला माणूस आहे, हे त्यांनी इतक्या हळूहळू उघड केलं, की कळेपर्यंत आपल्यालाच हसल्याचं वाईट वाटायला लागतं.

गोंगाट आहे, हे खरं. मोबाइलवर पोरांसमोर जे रंगीबेरंगी बडबडगीतांचं दळण चालू असतं, त्याच्या बाजूने मी बोलणार नाही. पण तुम्ही तेव्हाचं निवडक आणि आताचं सरसकट अशी तुलना करताय. तेव्हाही रद्दी होतीच, तुम्ही विसरलात इतकंच. दुसरं असं, की आज विशीत असलेल्यांच्या ग्रुपवर असंच चित्र फिरायला लागलंय आणि त्यात डोरेमॉन, शिनचॅन आणि छोटा भीम आहेत. छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २००८ मध्ये आणला. त्याचं चित्रकाम मला कधीच आवडलं नाही, लाडू खाऊन प्रश्न सुटणं तर त्याहून नाही. पण त्या पिढीला विचारा. आपल्या भाचे-पुतण्यांनी ‘मम्मा, रुको ना’ असलं हिंदी शिकलं ते याच सगळ्यांकडून, ही माझी तक्रार वेगळी. पण मग आपल्याही जंगल बुकची हिंदीच होती, आणि मालिका मुळात जपानी. मराठी घराला त्यात ओळखीचा वाटणारा एक आवाज होता, शेरखानला दिलेला नाना पाटेकरांचा.

राहिला रविवार. इथे फॉरवर्ड बरोबर आहे. एकाच वेळी सगळ्या आळीने एकच गोष्ट बघण्यात जे होतं ते गेलं. त्याहून वाईट म्हणजे आता मालिका पुसलीही जाते. ‘इन्फिनिटी ट्रेन’ २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने आपल्या ॲपवरून काढून टाकली. जे पुन्हा बघताच येत नाही ते क्लासिक कसं होणार? या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण ‘पुन्हा दाखवणं’ संपलेलं नाही, ते घरात आलंय. ‘ब्लूई’ ही ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी ऑस्ट्रेलियन मालिका, २०१८ पासूनची, एका कुत्र्यांच्या कुटुंबाची. सात-सात मिनिटांचे दीडशेच्या आसपास भाग. २०२४ मध्ये अमेरिकेत ती ५५ अब्ज मिनिटांहून जास्त बघितली गेली, त्या वर्षी स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त. एवढ्याशा भागांतून एवढी मिनिटं येतात कुठून? ‘परत लाव’ मधून. माझी साडेचार वर्षांची भाची ‘स्लीपीटाइम’ हा भाग रोज लावायला सांगते. त्यात ब्लूईची धाकटी बहीण बिंगो झोपेत ग्रहांमधून तरंगत जाते, मागे होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं ‘ज्युपिटर’ वाजतं, आणि सूर्याची ऊब म्हणजे आईची ऊब, हे शब्दांत न सांगताही तिला कळतं. नंतर फुगा जमिनीला टेकू न देण्याचा खेळ हॉलमध्ये सुरू होतो, तोही तिथूनच शिकलेला.

माझ्या आईला त्यातलं इंग्रजी फारसं कळत नाही. तरी ती नातीबरोबर बसते. परवा मला विचारलं, “हा बाप कामाला कधी जातो रे? सारखा पोरींशी खेळतच असतो.” मी म्हटलं, पुरातत्त्वाचं काम करतो तो, उत्खननाचं. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे कुत्राच तो. पगार घेऊन हाडं उकरतो.”

मालिकेतला हा विनोद मला समजायला दुसरा सीझन उजाडला होता.