माळ मोडून ऊस लावला की हवा शुद्ध होते? नाही होत

पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजचा मथितार्थ असा: सासवड, सुपे, बारामतीकडचे ओसाड माळ नुसते तापतात आणि हवेत कार्बन सोडतात, तेच नांगरून ऊस लावा, बारमाही हिरवाई येईल, आणि खताने हवा बिघडते ही अफवा आहे.

‘ऊस कार्बन शोषतो.’ शोषतो की! पण ठेवतो कुठे? ऊस कारखान्यात जातो, चिपाड बॉयलरमध्ये, पाचट अनेकदा फडातच पेटवलं जातं. वर्ष-दीड वर्षात बहुतेक कार्बन परत हवेत.

‘खताने हवा बिघडत नाही.’ खरी गोम इथे आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो नत्र असतं. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) ढोबळ ठोकताळ्यानुसार त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम वायू. किरकोळ वाटतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. एका गोणीमागे ८९ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं! आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. सगळं युरियातून दिलं तर एकरी जवळजवळ आठ गोण्या. त्यात आपली मोकाट पाणी द्यायची सवय. सरी तुडुंब भरली, वाफसा गेला, की मातीतली हवा संपते आणि जिवाणू ऑक्सिजनसाठी नायट्रेट फोडू लागतात. वायू निघतो तो इथे. २०१५ पासून युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा आहे, त्याने युरियाचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. वायू थांबत नाही.

‘माळ कार्बन सोडतो.’ श्वास तर प्रत्येक माती सोडते. मार्चमध्ये कुसळी-पवन्या वाळून पिवळं पडतं म्हणून माळ मेला असं नाही. त्याचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मुरलेल्या काडीकचऱ्यात असतो. नांगराने ढेकळं फुटली की तो जिवाणूंच्या तोंडी लागतो. शिवाय कोरड्या, पोकळ मातीतले काही जिवाणू हवेतला मिथेन (हाही तापवणारा वायूच) चक्क खातात, आणि अमोनियमयुक्त खत पडलं की त्यांची ही भूक मंदावते. माळाला वरून खताचं नत्र मिळत नाही, त्यामुळे नायट्रस ऑक्साइडही जेमतेमच. सरकारदरबारी ‘पडीक’ लिहिल्याने माती पडीक होत नसते, पण सातबारा वाचणाऱ्याला हे कोण सांगणार!

‘मग मेंढ्यांचं काय?’ असा सवाल खाली कुणीतरी टाकतंच. मेंढीच्या पोटातून मिथेन निघतो, खरंय. पण तो मातीचा नव्हे, आणि माळ मोडला म्हणून धनगर मेंढरं विकत नाही, दुसरा माळ गाठतो.

आहे तो ऊस उपटा असं कुणी म्हणत नाहीये. नत्र हप्त्याहप्त्याने, शक्यतो ठिबकमधून, पिकाला लागेल तेवढंच दिलं तर वायू कमी होतो आणि गोण्याही वाचतात.