आभाळ, चौरस इंचाच्या भावाने

डोंगराचे फोटो काढणाऱ्या माणसाजवळ दुखरे गुडघे असतात आणि भरलेली हार्ड डिस्क असते. दोन्हींबद्दल घरच्यांना फारशी आस्था नसते. आमच्या हॉलला नवा रंग दिल्यावर सोफ्याच्या वर एक भलीमोठी कोरी भिंत उरली आणि तिथे काय लावायचं यावरून घरात पक्ष पडले. आईला बालाजी हवा होता, मुलीला मिणमिणत्या दिव्यांच्या माळा. बायको म्हणाली, "तुझा तो कोकणकड्याचा फोटो लाव की." त्या दोघींना गप्प करायला ती हे म्हणाली असावी, पण इतक्या वर्षांत आपल्या फोटोला घरातून मागणी आली म्हटल्यावर माणूस कोपऱ्यावरच्या पासपोर्ट फोटोवाल्याकडे जात नाही. मी 'फाइन आर्ट प्रिंटिंग' करणाऱ्या स्टुडिओत गेलो.

फोटोबद्दल थोडं सांगायला हवं. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच. त्याच्या पश्चिम अंगाला कोकणकडा. हा कडा सरळ खाली जात नाही, आतल्या बाजूला वळत जातो. त्यामुळे टोकावर पोटावर पालथं पडून खाली बघायची पद्धत आहे. उभ्याने बघणारे असतात, पण त्यांच्याबद्दल नंतर. १८३५ साली कर्नल साइक्सना इथे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसलं असं गडाची माहिती देणारा प्रत्येक जण सांगतो. मला तसलं काही दिसलं नाही. सप्टेंबरची संध्याकाळ होती, खाली कोकणात ढग भरले होते, कड्याच्या कपाळावर हिरवंगार गवत होतं आणि वर आभाळ होतं. पुष्कळ आभाळ. फोटोचा वरचा अर्धा भाग नुसतं आभाळच. ते मला फार आवडायचं. भाव कळेपर्यंत.

स्टुडिओत एसी होता, मंद संगीत होतं आणि हातात पांढरे सुती मोजे घातलेला एक तरुण होता. दागिन्यांच्या दुकानात बोलतात तितक्या हळू आवाजात त्याने साइज विचारला. मी म्हटलं, "चोवीस-छत्तीस."

"आमच्याकडे स्क्वेअर इंचाचा रेट असतो, सर."

पुण्यात जमीन चौरस फुटावर विकतात हे सोसून आम्ही इथवर आलो आहोत. आभाळ चौरस इंचावर विकतात हे नवीन होतं. चोवीस गुणिले छत्तीस, ८६४ चौरस इंच. त्यातलं निम्मं आभाळ. म्हणजे ढगाचा साधा ठिपकाही नसलेल्या ४३२ चौरस इंचांना तोच भाव, जो कड्याला आणि खालच्या साऱ्या कोकणाला.

"वरचं थोडं कापलं तर?" मी विचारलं.

"ती निगेटिव्ह स्पेस आहे, सर. तिच्यामुळेच फोटो श्वास घेतो." मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "आणि कापलं तर साइज ऑड होईल. फ्रेम कस्टम करावी लागेल. तेवढेच जातील."

या धंद्याची गुरुकिल्ली मला इथे मिळाली. जे आहे त्याचे पैसे किरकोळ असतात. जे नाही त्याचे खरे पैसे.

कागदाचंच घ्या. त्याने मला नमुन्यांचं एक बाड दाखवलं. शंभर टक्के कापसाचा, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा हानेम्यूलेचा जर्मन कागद. आपला झेरॉक्सचा कागद ७५ ग्रॅमचा असतो. ही मंडळी १५८४ पासून कागद बनवताहेत. म्हणजे शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तेव्हा या कारखान्याला ४६ वर्षं होऊन गेली होती. मला वाटलं होतं, एवढा इतिहास, एवढा कापूस, एवढं वजन, म्हणून हा महाग असेल. तसं नाही. त्यात आम्ल नाही, म्हणून. झाडाच्या लगद्यातलं लिग्निन नाही, म्हणून. आणि ज्यात ब्राइटनर अजिबात नाही असा कागद हवा असेल तर तो आणखी वेगळा, आणखी महाग. ब्राइटनर म्हणजे आमच्या लहानपणी सदरे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून बादलीत टिनोपाल टाकायचे, त्या जातीची चीज. ती कागदात घातली की कागद उजळ दिसतो, पण वर्षं गेली की तिचा जोर ओसरतो आणि कागद पिवळसर पडतो. आईने आयुष्यभर टिनोपाल घातल्याचे पैसे मोजले. न घातल्याचे मोजणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच.

यंत्रात बारा शाया होत्या. त्यातल्या अकरा रंगीत आणि बारावी बिनरंगी. चकचकीत कागदावर झळाळी एकसारखी यावी म्हणून तिचा थर देतात. "पण तुमचा कागद मॅट आहे. त्याला ती लागणार नाही," तो म्हणाला. रंग नसलेली शाई वापरायचीच नाही म्हटल्यावर काही सूट मिळेल असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी त्या दुकानात 'सूट' हा शब्द उच्चारला नाही.

मग फाइल उघडली. माझा कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, फोटो ६००० बाय ४०००. छत्तीस इंचांवर पसरला की इंचाला १६६ पिक्सेल येतात. त्याला ३०० हवे होते. मी म्हटलं, भिंतीवरचा फोटो दहा फुटांवरून बघतात, आणि दहा फुटांवरून धडधाकट डोळ्याला इंचाला तीसच्या वरचे ठिपके सुटे दिसत नाहीत. हे मी आदल्या रात्री वाचून गेलो होतो. तो म्हणाला, "बरोबर आहे सर. पण फोटोग्राफर लोक नाक लावून बघतात." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी तेव्हा भिंतीवरच्या एका प्रिंटला नाक लावूनच उभा होतो.

खरी लढाई हिरव्यावर झाली. सप्टेंबरातला सह्याद्रीचा हिरवा ज्याने पाहिलाय त्याला कळेल. माझ्या स्क्रीनवर तो डोळ्यांत भरत होता. स्टुडिओतल्या मुलाने फोटोशॉपमध्ये कागदाची प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर कोणते रंग उतरतात याची नोंद, लावली, 'गॅमट वॉर्निंग'वर टिचकी मारली, आणि कोकणकड्याचं सगळं गवत राखाडी झालं. मी ओरडलोच.

"घाबरू नका. राखाडी दिसतंय ते एवढंच सांगतंय की हा हिरवा या कागदावर छापता येत नाही."

"पण तो तिथे होता! मी त्यावर बसलो होतो!"

"असेल ना सर. निसर्गात असेल. कागदात नाहीये."

त्याचं म्हणणं खरं होतं. स्क्रीनला मागून दिवा असतो, कागदाला नसतो. कागद समोरचा उजेड परत देतो, तोही थोडा स्वतःकडे ठेवून. शाया मिसळून जेवढे रंग होतात त्यांना हद्द आहे, आणि मॅट कागदाची हद्द चकचकीतपेक्षा आणखी आखूड. मग त्याने एकेक छटा त्या हद्दीत आणून बसवली. टेस्ट स्ट्रिप काढली, ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, दिव्याखाली धरली, आणि छान दिसली. मी ती घरी नेऊन सोफ्यावर धरली तर गवताला कावीळ झालेली. फोन केला तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "हॉलमधला बल्ब किती केल्विनचा आहे?" मी स्टुलावर चढलो. बल्बच्या कडेला बारीक अक्षरात २७०० लिहिलेलं होतं, म्हणजे पिवळा उजेड. आई खालून म्हणाली, "फोटो लावायचाय ना? मग बल्ब का काढतोयस?" एकूण हिशोबात बल्बही आले, एवढं सांगून पुढे जातो.

फोटो पडद्यावर शंभर टक्क्यांवर नेला तेव्हा कड्याच्या उजव्या टोकाला एक माणूस सापडला. केशरी रेनकोट, एक हात वर, तोंड उघडं. उभ्याने बघणाऱ्यांपैकी. सेल्फी काढत होता. इतकी वर्षं हा माणूस माझ्या फोटोत राहत होता आणि मला पत्ता नव्हता. छापल्यावर त्याची उंची तांदळाच्या दाण्याएवढी येणार होती.

"काढू का?" मुलाने विचारलं. "रिटचिंगचे वेगळे होतील."

म्हणजे माणूस ठेवला तर फुकट, घालवला तर पैसे. मी कुरकुर केली तेव्हा त्याने मला आंद्रेआस गुर्स्कीची गोष्ट सांगितली. या जर्मन छायाचित्रकाराने ऱ्हाइन नदीचा एक फोटो काढला आणि त्यातून पलीकडच्या काठावरचा कारखाना पुसला, कुत्री फिरवणारी माणसं पुसली. उरलं काय? गवताचा पट्टा, पाण्याचा पट्टा, पुन्हा गवत आणि वर करडं आभाळ. २०११ साली न्यू यॉर्कच्या लिलावात तो ४३ लाख डॉलरला गेला. "तोही ॲक्रिलिकवर माउंट केलेला होता, सर," तो भाविकपणे म्हणाला. मी मनात हिशोब केला. त्या माणसाने एवढं घालवून एवढं मिळवलं, मी तर एकच रेनकोट घालवतोय. काढा म्हटलं. पण आमच्या घरात त्या रेनकोटवाल्याची आठवण अजून निघते. मुलीचं म्हणणं, त्याच्या घरी त्याच्या सेल्फीत मागे मी पालथा पडलेला असेन आणि त्याने मला फुकट ठेवलं असेल.

माउंटिंगचे प्रकार ऐकून डोकं गरगरलं. सनबोर्ड, एमडीएफ, ॲल्युमिनियमचा कंपोझिट पत्रा, ॲक्रिलिकच्या मागून चिकटवणं. ॲक्रिलिकवर एकदा चिकटवलं की ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही. पत्रा म्हणजे तोच एसीपी, जो बाहेरच्या मोबाइलच्या दुकानाच्या पाटीला होता. फक्त आत आल्यावर त्याचं नाव मोठं होतं. शेवटी मी म्युझियम पद्धत निवडली. त्यात फोटो चिकटवायचाच नसतो. वरच्या बाजूने जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर तो नुसता टांगतात, म्हणजे पावसाळ्यात दमट हवेने कागद फुगला तरी त्याला हातपाय पसरायला जागा राहते. आणि त्या पट्ट्या कशाने लावतात? गव्हाच्या सत्त्वाची खळ! मी पतंगाला लावायचो ती खळ, जी आजीने कधी वाटीभराच्या वर करू दिली नाही, तिला इथे बिलात स्वतंत्र ओळ होती. न चिकटवण्याची मजुरी वेगळी.

भोवती चार इंचांचा पांढरा माउंटबोर्ड. तोही चौरस इंचावर. बाहेरचं माप ३२ बाय ४४, म्हणजे १४०८. त्यातून फोटोचे ८६४ वजा केले की ५४४ चौरस इंच निव्वळ पांढरं काही नाही. फोटोतल्या आभाळापेक्षा जास्त. आणि त्यावर काच. साधी काच स्वस्त, कारण ती दिसते. नॉन-ग्लेअर महाग, कारण ती कमी दिसते. म्युझियम ग्लास सर्वांत महाग, कारण ती दिसतच नाही. नेति नेति करत उपनिषदं जिथे पोहोचली तिथेच हा मुलगा पोहोचला होता, फक्त प्रत्येक 'नेति'ला जीएसटी धरून.

फ्रेम आली, टांगली. ड्रिलवाल्या दादांनी सोसायटीच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत भोक पाडलं आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला, ते सोडून देऊ. फोटो सुंदर दिसत होता. हे मी वाद घालायला तयार असलेल्या आवाजात सांगतो आहे. कड्याच्या सावलीत दगडाचे थर मोजता येत होते. मी संध्याकाळभर दिवे लावून-बंद करून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मावशी पुसायला आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, काच लावायची राह्यली का?" आणि खात्री करायला त्यांनी बोट टेकवलं. आत कड्यावर बोटाचा ठसा. मग आले त्या प्रत्येकाने टेकवलं. शेजारच्या काकांनी टेकवलं. बायकोच्या भावाने तर मी किंमत सांगितल्यावर आणखी एकदा टेकवलं. न दिसणाऱ्या काचेवर ठसे साध्या काचेहून जास्त उठून दिसतात. आता ती चांगली दिसते. तिच्यासाठी खास कापड घ्यावं लागलं. पाहुण्यांचे प्रश्नही ठरलेले: "कुठल्या मोबाइलने काढला?" आईचा आक्षेप वेगळाच होता. मावळतीचा फोटो घरात लावू नये. मी तिला सांगितलंय की ती पहाट आहे. कोकणकडा पश्चिमेला आहे हे तिला ठाऊक नाही. कृपया कोणी सांगू नये.

गणपतीच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी आले. यंदा देखावा 'आपला सह्याद्री'. त्यांनी फोटो पाहिला, काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हा व्हॉट्सॲप करा ना, बॅकड्रॉपला टाकू." मूळ फाइल पेन ड्राइव्हवर देतो म्हटलं तर म्हणाले, "नको हो, फ्लेक्सवाला व्हॉट्सॲपवरच घेतो." व्हॉट्सॲपने फोटो आपल्या पद्धतीने आवळला. फ्लेक्सवाल्याने तो दहा बाय वीस फुटांवर ताणला, त्यामुळे कोकणकडा आडवा सुटला. हिरव्याला कोणी हद्द शिकवलेली नसल्यामुळे गवत मेहंदीच्या कोनासारखं हिरवं आलं. रात्रीत छापून सकाळी बांबूला बांधलंसुद्धा. सगळ्याचा खर्च माझ्या काचेच्या एका कोपऱ्याएवढा.

आरतीला अख्खी सोसायटी जमली होती. पन्नास फुटांवरून एकही पिक्सेल दिसत नव्हता, ते दहा फुटांचं गणित माझं मलाच भोवलं. लोक वळून वळून माझं कौतुक करत होते, आणि त्यात माझ्या हॉलमध्ये फोटो बघून "छान आहे, चहा कमी साखरेचा" म्हणणारेही होते. मी मात्र वर बघत होतो. माझ्या आभाळात आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक हात जोडून उभे होते, कमरेपासून वर, कड्याच्या दुप्पट उंचीचे. त्यांच्या दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे गोल चेहरे क्षितिजापर्यंत उतरत गेले होते.

सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक मात्र मानलं तुम्हाला," ते म्हणाले, "वर एवढी जागा सोडून काढलात फोटो. नाहीतर भाऊंना बसवणार कुठे होतो आपण?"